हिंग, मेथी आणि शनिवारची तपासणी

"हॅमस्टर आहेत का तुमच्याकडे?"

नीलांबरीने अगदी साधेपणाने विचारलं होतं. पण पाळीव प्राण्यांच्या त्या दुकानातली काउंटरमागची मुलगी तिच्याकडे अशी काही बघत राहिली, की आपण उंदराएवढ्या प्राण्याऐवजी चुकून बिबट्याचं पिल्लू मागितलं की काय, असं तिला वाटून गेलं.

"असं काय बघतेय ही..." ती स्वतःशीच पुटपुटली.

"कारण हॅमस्टरला या देशात बंदी आहे," मागून स्वच्छ मराठीत उत्तर आलं.

ती गर्रकन वळली. बाहेर जॉन्सनव्हिल या उपनगरातला नेहमीचा आडवा पाऊस चालू होता, छत्रीला न जुमानणारा, थेट कानात शिरणारा. त्या पावसातून नुकताच आत आलेला एक उंच तरुण काखेत सुक्या गवताची पिशवी धरून उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं. डोळे हसरे होते. म्हणजे असावेत, कारण नीलांबरीची नजर डोळ्यांवर टिकलीच नाही. ती त्याच्या निळ्या जॅकेटवर गेली. छातीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं 'बायोसिक्युरिटी', म्हणजे बाहेरचे प्राणी-वनस्पती देशात शिरू न देणारं सरकारी खातं, आणि ते वाचून ती दचकून एक पाऊल मागे सरकली.

आता या मुलीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीला इतकं घाबरायचं काय! नीलांबरी मूळची चिंचवडची. इथे एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. व्हिसा दोन वर्षांचा, तोही एकदा वाढवून घेतलेला, आणि पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज सरकारदरबारी पडलेला. त्या अर्जाबरोबर चांगल्या चारित्र्याचा पोलिसी दाखला जोडल्यापासून बाईंनी जगणंच जपून सुरू केलं होतं. सिग्नलवर हिरवा माणूस दिसल्याशिवाय ती रिकामा रस्तासुद्धा ओलांडत नसे. कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात बाटली पडली, तर कोपरापर्यंत हात घालून ती परत काढी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हिच्या घरी भाडेकरूच होता.

खरा भाडेकरू, म्हणजे तिची रूममेट, मात्र नोकरी मिळाली म्हणून ऑकलंडला निघून गेली होती. घर गप्प झालं होतं. "घरात श्वास घेणारं काहीतरी आण, डार्ल," असं दुकानातल्या मोआनाने तिला सुचवलं. घरमालकाला कुत्रा-मांजर चालणार नव्हतं, पिंजऱ्यातलं काही असेल तर हरकत नव्हती. मग नीलांबरीने इंटरनेटवरून हॅमस्टर आणि गिनीपिग या दोन स्थळांची माहिती काढली. गिनीपिग बोलका, मायाळू, पण सात-आठ वर्षं जगणारा आणि जोडीशिवाय न राहणारा. हॅमस्टर मात्र एकटाच सुखी. दुसरा जवळ आला की चावतो, आणि दोन वर्षांत त्याचा खेळ आटोपतो. दोन वर्षांचा व्हिसा, दोन वर्षांचा हॅमस्टर! गुण जुळले म्हणून ती खूश झाली होती. सगळ्या वेबसाइट्स अमेरिकेच्या होत्या, त्यामुळे बंदीची भानगड कुणी सांगितलीच नाही.

"मला... मला गिनीपिगच म्हणायचं होतं," ती घाईघाईने म्हणाली. "माझा नेहमी गोंधळ होतो दोघांत."

"फार्मसिस्ट आहात ना?" त्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "गोळ्यांत नाही ना होत गोंधळ?" मग जरा थांबून, "नीलांबरी. छान नाव आहे."

नाव कळलं याला! तिने ओळखपत्र मुठीत झाकलं, पण आता काय उपयोग.

"मी गंधार. एअरपोर्टवर असतो, लोकांची लोणची तपासतो." तो हसला. "बरीच वर्षं झाली का इकडे येऊन? पीआर झालं?"

परदेशात दोन मराठी माणसं भेटली, की पाऊसपाण्याआधी हा प्रश्न येतो. नीलांबरीने स्वतः तो कितीतरी जणांना विचारला असेल. पण विचारणाऱ्याच्या छातीवर सरकारी खात्याचं नाव असलं, की साध्या प्रश्नाचीही उलटतपासणी होते.

"अर्ज विचाराधीन आहे," ती म्हणाली. एरवी कधी तिच्या तोंडून 'विचाराधीन' हा शब्द आला नसता.

"येईल, येईल. बरं, गिनीपिग हवा असेल तर विकत घेऊ नका. माझ्याकडे दोन आहेत, बहिणी-बहिणी. शेजारच्या आजी रेस्ट होममध्ये, वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हा कुणी नेईना म्हणून मी आणल्या. आता माझ्या घरमालकाला सुगावा लागलाय. तुम्ही न्याल?"

"एक नेते."

"एक नाही देणार." आता त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "एकटी ठेवली की झुरते ती. नेणार असाल तर दोघी."

दोन मिनिटांपूर्वी 'मला गिनीपिगच म्हणायचं होतं' असं सांगणाऱ्या बाईला आता माघार कशी घेता येणार? नीलांबरीने मान डोलावली, फोन नंबर दिला, पत्ता दिला.

"मी मधूनमधून येऊन बघून गेलो तर चालेल? शनिवारी वगैरे?"

"चालेल ना! कधीही या. माझ्या घरात लपवण्यासारखं काहीच नाही."

तो जरा चमकला, पण हसून म्हणाला, "स्वीट ॲज! झकास! मग या शनिवारी."

घरी आल्या आल्या तिने ऑकलंडमधल्या मनुरेवाला राहणाऱ्या सुनीतीला फोन लावला. सुनीती तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. धीर देण्यासाठी जिला फोन करावा आणि उरलासुरला धीरही जिच्यापाशी सोडून यावं, अशी.

"नाव विचारलं? पत्ता घेतला? व्हिसाची चौकशी केली? आणि वर घरी येणार?" सुनीतीचा आवाज चढत गेला. "नीलू, अगं तुझ्यावर नजर ठेवायला येतोय तो! हॅमस्टर कुठून मागवलाबिगवलाय का, ते बघणार. तू शांत राहा. पिंजरा लख्ख ठेव, आणि पासपोर्ट हाताशी असू दे."

त्या रात्री नीलांबरीचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी तो आला. हातात भला मोठा पिंजरा, मागोमाग गवत, आणि खोक्यात भेदरून एकमेकींना चिकटलेले दोन केसाळ गोळे. एक तपकिरी, एक सोनेरी.

"ही हिंग, ती मेथी," त्याने ओळख करून दिली. "एअरपोर्टवर रोज हीच नावं कानांवर पडतात. दुसरं काही सुचलंच नाही."

एरवी नीलांबरी खळखळून हसली असती. पण ती कागदपत्रांची फाइल छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. आईने पाठवलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी तिने सकाळीच वॉशिंग मशीनमध्ये दडवली होती. बरणी रीतसर दाखवून, शिक्क्यानिशी आणलेली होती हो. पण चोराच्या मनात चांदणं असतं तसं साळसूदाच्या मनातही असतं, आणि ते जास्त लख्ख असतं.

"चहा... चहा घेता येतो ना तुम्हाला?" तिने चाचरत विचारलं. अधिकाऱ्याला चहा पाजणं लाच धरतात की काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

"का? चेहऱ्यावरून आजारी वाटतो का मी?"

पोहे आले. पहिला घास घेताच त्याने हवेत नाक फुलवलं. "लोणच्याचा वास येतोय का कैरीच्या?"

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की हिंगने गवतात तोंड खुपसलं. गंधारचा चेहरा पडला. तो नुसते पोहे खात राहिला, आणि याला आपला संशय आला, अशी नीलांबरीची पक्की खात्री झाली.

पण तो पुढच्या शनिवारीही आला, आणि त्याच्याही पुढच्या. जमिनीवर पालथा पडून तो त्या दोघींशी बोलत बसे. गिनीपिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व अंगात बनवता येत नाही, हे त्याने सांगितलं तेव्हा नीलांबरीतली फार्मसिस्ट जागी झाली. ती फाइल टेबलावर ठेवून शेजारी येऊन बसली. रंगीत ढोबळी मिरचीचे तुकडे कोणी किती खाल्ले, यावर दोघांचा वाद झाला. एकदा मेथीने जागच्या जागी, अंगात वारं शिरल्यासारखी टुणकन उडी मारली. नीलांबरी किंचाळलीच.

"फिट आली का हिला?"

"आनंद झालाय तिला." तो गालातल्या गालात हसत तिच्याकडे बघत होता. "आनंद झाला की अशाच उडतात. तू नाही उडत कधी?"

'तुम्ही'चं 'तू' नेमकं कधी झालं, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मी आनंद झाला की काळजी करते," ती म्हणाली.

"कसली?"

"तो जाईल याची."

गवताची मूठ पिंजऱ्यात सरकवताना त्याचा हात तिच्या हाताला लागला, आणि दोघांनीही तो जरा उशिराच मागे घेतला. बाहेर वाऱ्याने खिडकी खडखडत होती. एवढ्या आवाजात आपल्या छातीतली धडधड याला ऐकू जाणार नाही, एवढंच नीलांबरीला बरं वाटलं.

हळूहळू शुक्रवारची संध्याकाळ मोठी होत गेली. ती घर आवरी, पिंजरा धुई, हिरवा कुर्ता इस्त्री करून ठेवी. फोनवर हे ऐकून सुनीती म्हणालीच, "तपासणीला काजळ कोण घालतं गं?" नीलांबरीने विषय बदलला. पासपोर्टची फाइल मात्र टेबलावर तशीच होती. इतक्या शनिवारांत गंधारने ती एकदाही उघडली नव्हती. एकदा चहाचा कप ठेवायला जागा नव्हती म्हणून उचलून बाजूला ठेवली, तेवढीच. का बघत नाही हा? सगळं आधीच बघून झालंय की काय?

आणि मग तो बुधवार आला. ती कामावरून परतली, फ्रिज उघडला. एरवी फ्रिजचं दार वाजलं की पिंजऱ्यातून दोन शिट्ट्या येत. आज एकच आली. मेथी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. मिरची हुंगलीसुद्धा नाही. श्वास घेताना तिची एवढीशी कूस भात्यासारखी हलत होती.

नीलांबरीच्या तोंडचं पाणी पळालं. फोन हातात घेतला आणि ती थबकली. त्याला कळवायचं? म्हणजे स्वतःहून नोंद करून द्यायची, की बघा, माझ्याकडून प्राणी सांभाळला गेला नाही? पण बोटांनी तोवर नंबर लावलाही होता. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं. त्या क्षणी तिला ना खातं आठवलं ना अर्ज; फक्त हाच आवाज हवा होता.

"गंधार... मेथी... ती खातच नाहीये..."

"दार उघडं ठेव. आलोच."

तो आला तो जॅकेटसकट, अर्ध्या कामावरून. दवाखाना डोंगराच्या पलीकडे होता. वाऱ्याने गाडी हेलकावत होती आणि नीलांबरी मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती. खोक्यात हिंगही होती. "बहीण जवळ असली की धीर येतो तिला," असं म्हणून गंधारनेच तिला उचलून आत ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मेथीला तपासलं. छातीत संसर्ग होता, पण वेळेवर आणलं होतं. औषध दिलं तर बरी होईल. थेंबाथेंबाने मोजून द्यायचं ते औषध हातात आलं, तेव्हा कुठे नीलांबरी सावरली. मोजून औषध देणं तर तिला झोपेतही जमलं असतं. पहिले थेंब तिने तिथेच पाजले. मेथीने तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळलं. नीलांबरीचा जीव भांड्यात पडला.

परत येताना पाऊस थोडा थांबला होता. तिच्या घरासमोर गाडी उभी राहिली, तरी दोघांपैकी कुणी दाराला हात लावेना.

"घाबरलीस ना खूप?" त्याने हळूच विचारलं. तिच्या गालावर चिकटलेली गवताची काडी त्याने बोटाने काढली. बोट तिथेच क्षणभर रेंगाळलं. नीलांबरीने डोळे मिटले. आता हा काहीतरी बोलणार... आणि आपण हो म्हणणार... आणि सुटकेच्या, सुखाच्या, दमलेपणाच्या त्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "हे रिपोर्टमध्ये नको ना लिहूस, प्लीज."

"कुठल्या रिपोर्टमध्ये?"

"तुझ्या... खात्याच्या. शनिवारच्या तपासणीच्या."

गंधारने हात मागे घेतला.

"तपासणी?" तो शब्द त्याने चव न कळलेल्या घासासारखा तोंडात घोळवला. "नीलांबरी, मी या दोघींना बघायला येत होतो. आणि... तुला. तुला काय वाटलं, तू दुकानात हॅमस्टर मागितलास म्हणून मी तुझ्या मागावर आहे?"

तिने मांडीवरच्या खोक्यात मान घातली. तेवढं पुरेसं होतं.

"ती फाइल... लोणच्याचं नाव काढल्यावर उडालेला तुझा रंग..." एकेक गोष्ट त्याला उलगडत गेली. हसू येण्यासारखीच गोष्ट होती, पण त्याला हसू आलं नाही. "म्हणजे इतके शनिवार तू मला घाबरून चहा देत होतीस?"

आता 'नाही' म्हणायला हवं होतं. झटकन. पण नीलांबरी खरं बोलणारी मुलगी, आणि पहिल्या शनिवारचं खरं तेच होतं. तिने विचार करायला एक क्षण घेतला, आणि त्या एका क्षणाने घोळ केला.

"एअरपोर्टवर मला बघून लोकांचे चेहरे पडतात, त्याची सवय आहे मला," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "तुझ्या घरी मी ते विसरायला येत होतो गं. मला वाटायचं, इथे कुणीतरी माझी वाट बघतं."

"गंधार, ऐक तरी..."

"तुझी चूक नाही. पण तू घाबरलेली असताना हो म्हटलंस काय, नाही म्हटलंस काय, मला कसं कळणार? तुझा निकाल येऊ दे. कुणाची भीती उरली नाही ना, की मग वाटलं तर सांग."

त्याने खोकं दारापर्यंत आणून दिलं, मेथीच्या औषधाची वेळ विचारून घेतली आणि तो निघून गेला.

मेथी बरी होत गेली. गंधार रोज मेसेज करून तिची चौकशी करायचा: 'खाल्लं का तिने?' नीलांबरी उत्तर द्यायची: 'खाल्लं.' त्यापुढे काही नाही. शनिवारी तो आला नाही. चहाला एकच कप निघाला. दारात कुणाचीही पावलं वाजली की हिंग आणि मेथी पिंजऱ्याच्या जाळीला पाय लावून उभ्या राहायच्या, शिट्ट्या घालायच्या, आणि पावलं पुढे निघून गेली की खाली बसायच्या. नीलांबरीला ते बघवत नसे. त्या निदान शिट्टी तरी घालतात, तिला वाटे, मी तर तेवढंही केलं नाही.

दोनेक आठवड्यांनी व्हिसाच्या सल्लागारबाईंचा फोन आला. "निकाल याच आठवड्यात लागेल असं दिसतंय. काय लागेल ते नाही सांगता येणार. फिंगर्स क्रॉस्ड!"

वर्षभर ज्या फोनची वाट बघितली तो हा. नीलांबरी दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसली, आणि तिच्या ध्यानात आलं, की आपल्या डोक्यात निकालाचा विचारच नाही.

"छान झालं!" सुनीती फोनवर म्हणाली. "आता चार दिवस दम धर. होकार आला की ताठ मानेने जा त्याच्याकडे. त्यानेच सांगितलंय ना तसं?"

"आणि नकार आला तर?"

सुनीतीला एकदम गॅसवरची भाजी आठवली.

नीलांबरीने फोन ठेवला. मग उठली, पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि मोआनाला म्हणाली, "मला आज लवकर जायचंय. आयुष्यात पहिल्यांदा सांगतेय, नाही म्हणू नकोस."

"किया काहा, गर्ल," मोआना म्हणाली. हिंमत धर, पोरी. कुठे जायचंय, ते तिने विचारलंही नाही.

एअरपोर्टवर बाहेर येणाऱ्या प्रवाशांच्या दारासमोर गर्दी होती. कुणाच्या हातात फुगे, कुणाच्या हातात नावाची पाटी. नीलांबरीच्या हातात काहीच नव्हतं. सिंगापूरहून आलेलं विमान रिकामं झालं, मिठ्या मारून झाल्या, गर्दी पांगली. ती मात्र उभीच. आपण कुठल्या तोंडाने आलो, तो दुसऱ्याच दाराने निघून गेला असेल, परत फिरावं... असं मनात येईपर्यंत बाजूचं दार उघडलं, आणि गंधार बाहेर आला. दमलेला, खांद्याला पिशवी लावलेला. तिला बघून तो जागीच थांबला.

"कुणाला घ्यायला आलीस?"

"तुला."

"मेथी बरी आहे ना?" तो एकदम कासावीस झाला.

"बरी आहे. उड्या मारतेय."

"मग... निकाल लागला?"

"नाही. या आठवड्यात लागेल. म्हणून आजच आले."

"मी म्हटलं होतं ना, निकालानंतर..."

"आता तू ऐक." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलूच शकली नसती. "होकार आल्यावर आले, तर तुला वाटेल, भीती गेली म्हणून आता हिला धीर आलाय. नकार आल्यावर आले, तर सगळे म्हणतील, व्हिसासाठी गळ्यात पडली. आणि कधीतरी तुझ्याही मनात येईल ते. आज मला काहीच माहीत नाही. आज जे बोलेन, त्याला दुसरा काही अर्थच नाही, गंधार. म्हणून आज."

गंधारने पिशवीचा पट्टा खांद्यावर घट्ट धरला.

"पहिल्या शनिवारी मी घाबरूनच चहा केला. खोटं नाही बोलणार. दुसऱ्याही. पण नंतर..." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "नंतर शुक्रवारी माझ्या पोटात गोळा यायचा, तो उद्या तू आलाच नाहीस तर, म्हणून यायचा."

गंधारने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग त्याने जॅकेटची चेन सरकन खाली ओढली, जॅकेट काढलं, उलटं केलं आणि पिशवीवर टाकलं. आत साधा, चुरगळलेला राखाडी शर्ट होता.

"आता सांग."

"काय?"

"जे सांगायला आलीस ते. खात्याला नको, मला सांग."

तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. इकडे-तिकडे माणसं होती, ट्रॉल्या खडखडत होत्या. एरवी एवढ्या लोकांत नीलांबरी मोठ्याने शिंकलीसुद्धा नसती.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "खूप. आणि मला अजूनही भीती वाटते. सगळ्याचीच वाटते. पण तुझी नाही वाटत."

त्याने तिचे दोन्ही हात हातांत घेतले. ते गार पडले होते. तो ते चोळत राहिला, जणू आत्ता तेवढंच काम महत्त्वाचं होतं. "पोहे मला आवडतही नाहीत," तो म्हणाला. "दर शनिवारी दोन बश्या खायचो. तुला कळायला नको होतं?"

"मला वाटलं, नमुना तपासतोयस."

तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. आणि मग हसता हसता गंभीर झाला. "नकार आला तर?"

हाच प्रश्न होता. तो नको म्हणून टळणार नव्हता. "तर जावं लागेल मला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हिंग-मेथी तुझ्याकडे देईन. तू नवं घर बघ. त्यांना एकटं..."

"त्या दोघी आहेत. त्या एकट्या कुठे असणार?" त्याने तिचे हात घट्ट धरले. "इथे काय आणता येतं, काय नाही, ते मला तोंडपाठ आहे. इथून बाहेर काय काय नेता येतं, ते मात्र कधी वाचलंच नाही बघ. आज घरी जाऊन वाचतो. दोन गिनीपिगचं."

"आणि तुझं?" तिने विचारलं.

"माझं काय वाचायचं?" गंधार म्हणाला. "माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, नीलांबरी. तुझ्या मागोमाग चिंचवडला यायला मला व्हिसा लागत नाही."